जाणकारांचा बँड

जेवता जेवता जाणकारांनी घास ताटात ठेवला आणि जाहीर केलं, की सध्या शहरात ऐकण्यासारखा एकच बँड आहे आणि त्याचं नाव ते कुणालाही सांगणार नाहीत. बायकोनं भाजी वाढली. सासूबाईंनी पाणी मागितलं. नाव कुणीच विचारलं नाही, याचं जाणकारांना फार वाईट वाटलं.

जाणकार हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते फोनवर बसत आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, माणूस निघालाय" असं दिवसभर सांगत. या कामात मोठेपणा मिळत नाही, म्हणून तो त्यांनी गाण्यात शोधला होता. गोदामांत, गच्च्यांवर, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पोरांचे बँड वाजतात, त्यांतला एखादा हेरायचा, त्याच्यावर जीव टाकायचा आणि तो दुसऱ्या कुणाला आवडला रे आवडला की नाक मुरडून सोडून द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. गाणं चांगलं की वाईट, या भानगडीत ते पडत नसत. आपण आधी ऐकलं ना, मग झालं.

सध्याच्या बँडचं नाव होतं 'चुकीचा मजला'. गालिच्यांच्या दुकानामागच्या गोदामात तीन पोरं शनिवारी संध्याकाळी वाजवत. गाणारा इतका लाजरा, की भिंतीकडे तोंड करून गायचा. शब्द एक कळत नसे. जाणकारांच्या मते तीच तर खरी मजा होती. शब्द कळणारं गाणं त्यांना बाजारू वाटे. ऐकायला स्वतः जाणकार, ड्रमवाल्याची बहीण आणि गालिच्यांवर पसरलेलं एक मांजर. इतके सुखाचे दिवस त्यांनी लग्नानंतर पाहिले नव्हते.

त्या सुखात दुकानदारानं माती कालवली. पुढच्या शनिवारी पंचवीस माणसं दिसली नाहीत तर गोदाम टेबल टेनिसवाल्यांना देईन, असं त्यानं पोरांना सुनावलं. पोरांना दुसरी जागा परवडणारी नव्हती. म्हणजे बँड बंद, आणि जाणकार पुन्हा नुसते फोनवाले.

माणसं आणावीत तर बँड चारचौघांचा होणार, न आणावीत तर बँडच उरणार नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्यांना युक्ती सुचली. माणसं आणायची, पण ज्यांना हे गाणं जन्मात आवडणार नाही अशीच निवडून आणायची. डोकी भरतील आणि बँड आपलाच राहील. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की लिफ्टमध्ये अडकलेल्या एका गृहस्थांना त्यांनी "सावकाश या" असं सांगून फोन ठेवला.

ऑफिसातून त्यांनी कमी ऐकू येणारा टपाल कारकून निवडला, आणि स्टोअरकीपर, कारण त्याला सूर कानावर पडताच झोप लागते. पण मुख्य भिस्त सासूबाईंवर होती. त्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या सिस्टर, आणि त्यांच्या जुन्या सहकारी सिस्टरांचा जथा मोठा होता.

"आई, थोडा गोंगाट असेल हं," जाणकारांनी आधीच सांगून ठेवलं.

"गोंगाटाचं मला काय सांगता, जावईबापू? आयुष्य लेबर रूममध्ये गेलं माझं. बसायला काही आहे का, तेवढं बोला."

शनिवारी सगळ्या सिस्टर आपापल्या उश्या घेऊन आल्या आणि गालिच्यांवर ऐसपैस बसल्या. दुकानदारानं माणसं मोजली, ती पंचवीसच्या वर भरली. पहिलं गाणं संपलं तेव्हा एक टाळी वाजली नाही, स्टोअरकीपर घोरत होता, आणि सगळं मनासारखं चाललंय हे पाहून जाणकारांना धन्य वाटलं. तेवढ्यात सासूबाई उठल्या, पुढे गेल्या आणि त्यांनी गाणाऱ्याला खांद्याला धरून सरळ फिरवलं.

"बाळा, भिंत टाळ्या वाजवणार आहे का? इकडे बघ. आणि आधी खोल श्वास घे."

पोरानं निमूट श्वास घेतला. त्या आवाजापुढे भल्याभल्यांनी घेतला होता. पुढचं गाणं त्यानं माणसांकडे बघत म्हटलं आणि पहिल्यांदाच शब्द कळले. शहरात नवा आलेला मुलगा उपाशीपोटी आईला फोनवर 'जेवलो' म्हणून सांगतो, असं ते गाणं होतं. सिस्टरांनी रुमाल काढले. स्टोअरकीपर जागा झाला आणि जागाच राहिला.

"फार बाळबोध झालं," जाणकार पुटपुटले.

"गप्प बसा हो, ऐकू द्या," टपाल कारकून म्हणाला.

पुढचं जाणकारांच्या हातात राहिलं नाही. शहरातली निम्मी पोरं या सिस्टरांच्या हातावर जन्मलेली. सिस्टरांनी त्या पोरांच्या आयांना सांगितलं, आयांनी पोरांना. पाहता पाहता गोदाम अपुरं पडलं आणि बँड मोठ्या हॉलमध्ये गेला. शिरस्त्याप्रमाणे जाणकारांनी नाक मुरडलं, ऑफिसात "सुरुवातीला बरे होते" असंही सांगितलं. पण ते फोनचं गाणं काही डोक्यातून जाईना. शेवटी एका शनिवारी कुणाला न सांगता ते हॉलवर गेले. रांग कोपऱ्यावरून वळली होती.

"जागा संपली," दारवान म्हणाला.

"अहो, मी यांना पहिल्यापासून ओळखतो."

"रांगेतले सगळे हेच सांगताहेत, काका."

इतक्यात बाजूच्या दारातून बँडच्या पोरांबरोबर सासूबाई आल्या. जावयाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आपली उशी जाणकारांच्या हातात देत त्या दारवानाला म्हणाल्या, "सोड रे यांना. माझे जावई आहेत. गाण्यातलं फारसं कळत नाही त्यांना, पण माणूस चांगला आहे."

आत त्यांना मागच्या भिंतीला टेकून उभं राहण्यापुरती जागा मिळाली. फोनचं गाणं सुरू झालं आणि अख्खा हॉल गाऊ लागला. जाणकारांनाही म्हणायचं होतं, पण शब्द कधी लक्ष देऊन ऐकलेच नव्हते, तेव्हा ते नुसते ओठ हलवत राहिले. शेजारच्या मुलीच्या ते लक्षात आलं.

"पहिल्यांदाच आलात का, काका?" तिनं मायेनं विचारलं. "पुढचं कडवं सोपं आहे. माझ्याबरोबर म्हणा."

जाणकारांनी उशी काखेत नीट धरली आणि ते "बरं" म्हणाले.