पहिल्या लिपीचा कोटा

या सगळ्या प्रकरणातून हिलरी थ्वेटला मिळायची होती दोन अक्षरं. पगार तोच, खुर्ची तीच, झाकण दोऱ्यानं बांधलेली चहाची किटलीही तीच. पण पेलबरी नगरपालिकेच्या कागदांवर ती आजवर डेप्युटी क्लार्क होती ती दुसऱ्या लिपीत, म्हणजे इंग्रजी डी लहान, सी लहान. तिच्या वरचे साहेब मात्र पहिल्या लिपीतले, मोठ्या सी-चे. चहा तीच करून देत असे.

नगराध्यक्ष क्लटरबक यांनी तिला शब्द दिला होता. "मोठ्या अक्षरांचं धोरण तेवढं लिहून द्या, बाई. तुमच्या दोन अक्षरांचं मी बघतो."

धोरणाची गरज खरीच होती. बागेतल्या फलकावर 'कुत्रा' मोठ्या अक्षरानं सुरू होई, 'पट्टा' मोठ्या अक्षरानं, आणि 'दंड' तर अख्खाच मोठा. एका रहिवाशानं लेखी कळवलं होतं की सूचना वाचताना नगरपालिका अंगावर ओरडते आहे असं वाटतं आणि आपला कुत्रा बुजतो.

हिलरीनं शाळेत शिकलेलं लिहून काढलं. वाक्याची सुरुवात, माणसाचं नाव, गाव, देश, भाषा, वार, महिना, सण यांना मोठं अक्षर. बाकीच्यांनी लहान राहावं. मसुदा अर्ध्या पानात संपला, हा त्याचा पहिला दोष. दुसरा क्लटरबक यांनी दाखवला.

"म्हणजे नगराध्यक्ष लहान?"

"नावाआधी आला तर मोठा, साहेब. नुसता आला तर लहान."

"मी नुसता कधी येत नाही."

हे खरं होतं. पदाची साखळी ते गवत कापतानाही गळ्यातून काढत नसत. अपवाद मंजूर झाला. मग उपनगराध्यक्षांना वाईट वाटलं, त्यांच्यामागून स्मशान समितीला. शेवटी कचरा समितीनं निवेदन दिलं, की लहान अक्षरातला कचरा लोक वेळेवर बाहेर ठेवत नाहीत. कचराही मोठा झाला.

यावर लेखापरीक्षकांचा शेरा आला. मोठी अक्षरं कमी करण्याच्या धोरणाखाली ती वाढलेली दिसतात. सबब यापुढे एक मोठं अक्षर देताना दुसऱ्या कुणाचं तरी एक काढून घ्यावं. कुणाचं काढायचं? जे सभेला हजर नव्हते त्यांचं. वार आणि महिने सभेला आले नव्हते. ते सगळे लहान झाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

राहिली हिलरी. तिच्या एका अक्षरासाठी ख्रिसमसचं काढलं. ऑगस्ट चालू होता, हरकत आली नाही. दुसऱ्यासाठी शोधाशोध करता उरलं एकच, नगरपालिकेच्या मागच्या खोलीतल्या शनिवारच्या वर्गाचं.

तिथं याद्विगा सोबचाक मुलांना पोलिश शिकवत असे. इंग्रजीत या शब्दाची गंमत अशी, की पहिलं अक्षर मोठं असेल तर पोलिश, म्हणजे पोलंडची भाषा. लहान असेल तर पॉलिश, म्हणजे बुटांना करतात ते. हिलरीला हे ठाऊक होतं. याद्विगानं आणलेला खसखशीचा केक ती दर शनिवारी खात आली होती.

"एका अक्षरानं काय होतंय?" क्लटरबक म्हणाले.

एका अक्षरासाठीच तर आपण बसलोय, हे उत्तर हिलरीच्या ओठांवर आलं होतं. पण ते अक्षर तिचंच होतं. तिनं सही केली.

पुढच्या शनिवारी वर्गाच्या दारात चार म्हाताऱ्या चांदीच्या किटल्या घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे एक निवृत्त पोस्टमन बुटांचे जोड घेऊन.

"बाई, हा डाग निघेल का? सासूबाईंच्या वेळचा आहे."

"अहो आजी, इथं मी मुलांना शिकवते."

"मुलांना शिकवता, मग आम्हीच काय घोडं मारलंय? फलकावर सर्वांसाठी खुला लिहिलंय."

याद्विगा तडक हिलरीकडे आली. "अगं, एक अक्षर तर चुकलंय. मीच रंगवून टाकते."

"तसं नाही करता येत गं. कोटा भरलाय."

"कुणी भरला?"

हिलरीनं दाराकडे पाहिलं नाही. याद्विगानं पाहिलं. नव्या पाटीवर हिलरीच्या दोन मोठ्या अक्षरांचा रंग अजून ओला होता. ती केकचा डबा उचलून निघून गेली.

पॉलिशचा वर्ग म्हटल्यावर तो शिक्षण खात्याकडून सफाई खात्याकडे गेला. सफाईच्या नियमानुसार त्याला झाडूंची कोठडी मिळाली. तिथं मुलं मावेनात, तेव्हा प्रतिसादाअभावी वर्ग बंद झाला. धोरण यशस्वी झाल्याचा ठराव एकमतानं संमत झाला.

एकूण हिशेब असा: नगराध्यक्ष मोठे राहिले, कचराही मोठा राहिला. हिलरीला दोन अक्षरं मिळाली, शनिवारचा केक बंद झाला, आणि साहेबांचा चहा तीच करते. किंमत भरली ती याद्विगाच्या वर्गातल्या मुलांनी, जी आता शनिवारी घरी बसून कार्टून पाहतात, इंग्रजीतून.

आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही, म्हणून वाचक निर्धास्त हसत असतील. त्यांनी घरातली शेवटची लग्नपत्रिका काढून पाहावी. कुणाच्या नावाआधी 'मा.' आहे, कुणाच्या मागे 'साहेब' आहे, आणि कुणाचं नाव जागेअभावी गळलं आहे. मग छापायला देण्याआधी ती कुणी तपासली होती, तेवढं आठवावं.