येशूदास वस्ताद आणि तिसगावच्या तीन कुस्त्या

आमचे येशूदास वस्ताद सकाळी भेटलेल्या माणसाला रामराम घालायच्या आधी लघवीचा रंग विचारत. पैलवानांना तर विचारतच, पण पीकपाहणीला आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी भर चावडीत "भाऊसाहेब, रंग?" असं विचारलं होतं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर थेट नवरदेवाला गाठलं. हळद लागलेला नवरदेव लाजून "पिवळा" म्हणाला, तेव्हा "आदी तांब्याभर पानी पी, मंग बोहल्यावर चढ," असा हुकूम सुटला.

देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, आमच्या गावची तालीम. वस्ताद रविवारी चर्चला जात आणि रोज पहाटे तालमीतल्या मारुतीला उदबत्ती लावत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. तालमीमागची मुतारी मात्र ते दर सोमवारी स्वतः चुन्यानं पांढरीशुभ्र रंगवत. रंग नीट कळला पाहिजे ना!

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कुस्ती मातीत धा मिंटं चालती, पर मांसात तीन दिस चालती." म्हणून हगाम्यात, म्हणजे गावोगावच्या यात्रेतल्या कुस्त्यांत, एक कुस्ती खेळून आलेल्या गड्याला तीन दिवस लंगोट लावायची बंदी. आम्ही तालमीच्या माडीवर झोपायचो. हगाम्याच्या दुसऱ्या दिवशी वस्ताद जिन्याखाली पाट टाकून बसत आणि प्रत्येकाचं उतरणं बघत. "चढताना कुनीबी वाघ असतो. उतरताना मांड्या खरं बोलत्यात." जो कठडा धरील, त्याला दूध-केळी आणि सक्तीची झोप. आम्ही मागे त्यांची टिंगल करायचो. लघवी-वस्ताद म्हणायचो. त्यात मीच पुढे असायचो, हेही सांगून टाकतो.

त्या वर्षी आमच्या यात्रेच्या आदल्या दिवशी मी तिसगावच्या हगाम्याला गेलो. मामाला भेटून येतो, असं वस्तादांना सांगितलं होतं. एका दुपारी तीन कुस्त्या धरल्या आणि तिन्ही मारल्या. लोकांनी खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. फेटा मामाकडेच ठेवून मी गुपचूप परत आलो. आमच्या यात्रेत शेवटची मानाची कुस्ती माझी होती, आणि ती मला कुठल्याही परिस्थितीत सोडायची नव्हती.

सकाळी मुतारीत गेलो, तर पांढऱ्या चुन्यावर कोऱ्या चहासारखा ओघळ उतरला. मी घाबरलो आणि बादलीभर पाणी ओतून टाकलं.

"रंग?" वस्तादांनी दारातच विचारलं.

"पाण्यासारखा, वस्ताद."

जिना मी आधीच त्यांच्यादेखत कठडा न धरता, दात आवळून उतरलो होतो. वस्तादांनी मान डोलावली. यात्रा कमिटीपुढे जाऊन ते स्वतः म्हणाले, "गडी ताजा हाय. माझा शब्द."

त्या शब्दावर मी आखाड्यात उतरलो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला माझे हात माझे राहिलेच नाहीत. समोरच्यानं नुसतं ढकललं आणि मी पडलो तो उठलोच नाही. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार ताण पडून मांस आतल्या आत फुटलंय, ते रक्तात उतरलंय आणि मूत्रपिंडांना गाळता येत नाहीये. आठवडाभर मी सलाईनवर होतो.

दुसऱ्या दिवशी वडील आले आणि खाटेजवळ बसलेल्या वस्तादांवर तुटून पडले. "तुमच्या नावासाठी माझं पोरगं मारता व्हय? रंग इचारत हिंडता, अन घरचंच दिसलं न्हाई?" सगळा वॉर्ड बघत होता.

वस्ताद उभे राहिले. "चुकलं माझं, आण्णा. मला दिसाया पायजे हुतं."

मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही बोललो नाही.

महिन्याभरात लोकांनी आपापली पोरं तालमीतून काढून नेली. मी बरा झालो, शिक्षक झालो, खेळाच्या तासाला पोरांना प्रामाणिकपणाही शिकवू लागलो.

पंधरा वर्षांनी, गेल्या महिन्यात, धीर करून तालमीत गेलो. वस्ताद एकटेच आखाडा खणत होते. मातीत ताक, तेल, हळद सगळं घातलेलं. खेळायला कुणी येत नाही, तरी रोज खणतात. "माती घट्ट झाली का लागती," म्हणाले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. तिसगाव, तीन कुस्त्या, बादली. ते खणत राहिले.

"ठावं हाय मला. तुझा मामा दवाखान्यात फेटा घिऊन आल्ता. दारातच गाठ पडली, कुनाला सांगू नको म्हनून मीच त्याला माघारी लावला."

"मग वडिलांना का नाही सांगितलंत?"

"तू खाटंवर पडलेला. पडलेल्या गड्यावर अजून काय टाकायचं?"

"आज सांगतो त्यांना. आजच."

वस्तादांनी खोरं थांबवलं. "नको. आण्णा माफी मागाया इतवर चालत येतील. त्यांचं गुडगं गेल्यात रं. ह्या वयात त्यांना मान खाली घालाया लावू नको. ऱ्हाऊ दे."

खरं सांगतो, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तिथंच, त्यांच्यासमोर. आणि मग इतकी लाज वाटली, की त्यांच्या पाया पडायलाही वाकवेना.

घरी आलो. वडील जेवायला थांबले होते. "कुठं गेल्तास?" त्यांनी विचारलं.

"इथंच," म्हणालो, आणि ताट पुढं ओढलं.