फ्लॉपी आधी बाहेर बांधा

याकोब मामा फ्लॉपीला तिचं गाव विचारायचे. म्हणजे विचारायचे आम्हालाच, पण बघायचे फ्लॉपीकडे. "कुठनं आली? मुक्काम कुठं हुता? कुनाकुनाच्या मशीनीत तोंड घातलं हिनं?" उत्तर देताना कुणी अडखळलं की मामांची खात्रीच पटायची.

मामा आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात चार कॉम्प्युटर नवे आले होते आणि ते बघायला शेजारच्या गावांतून माणसं येत. त्याआधी मामांनी बरीच वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली होती. लॅबच्या सरांनी त्यांना व्हायरस म्हणजे काय ते एकदाच समजावलं. फ्लॉपीतून मशीनमध्ये शिरणारा, स्वतःच्या नकला काढणारा आणि दुसऱ्यांच्या फायली नासवणारा प्रोग्रॅम. मामांनी मान डोलावली. "समजलं. म्हंजी आपलंच काम."

काष्टीच्या बाजारातून आणलेलं जनावर कुणी थेट गोठ्यात नेत नाही. चार दिवस बाहेर झाडाखाली बांधायचं, खातंय-पितंय का बघायचं, मगच आत. मामांनी लॅबच्या व्हरांड्यात हार्ड डिस्क नसलेलं एक जुनं मशीन मांडलं. कुणाचीही फ्लॉपी असो, "आधी बाहेर बांधा". पुण्याहून दर महिन्याला पोस्टाने व्हायरस शोधणारी फ्लॉपी यायची, तिला ते औषध म्हणत. तिच्या खाचेवर त्यांनी चिकटपट्टी लावलेली असे, म्हणजे तिच्यावर कुणालाच काही लिहिता येऊ नये, व्हायरसलाही. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. पडद्यावर धावणारी नावं ते सोडून देत, शेवटचा आकडा तेवढा बघत. शून्य आलं की फ्लॉपी आत.

दुसरा नियम खिशाचा. तेव्हाच्या फ्लॉप्या मोठ्या आणि लवचीक. कुणाच्या खिशात दिसली की मामा लांबूनच ओरडत, "काढ भाईर. वाकंल ती. पापड हाय का तो?"

एकदा खुद्द प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांच्या हातात फ्लॉपी होती. मामांनी दार अडवलं नाही, फक्त हात पुढे केला. "सायेब, तुमी आत या. चहा घ्या. ही हितं थांबंल." प्राचार्यांचा चेहरा बघून आम्ही भिंतीकडे तोंड केलं. फ्लॉपीत दोन व्हायरस निघाले. त्यानंतर प्राचार्य पाहुण्यांना लॅबच्या आधी मामांना दाखवू लागले.

मला मात्र मामांची भीती वाटायची. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळ्यांचीच भीती वाटायची. शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट म्हणून गावच्या वाचनालयातली पुस्तकं शोधून देणारा प्रोग्रॅम लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या एका क्लासमध्ये बसून टाईप केला. सोमवारी फ्लॉपी घेऊन आले. शुक्रवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर घरचे मला परत पाठवतील असं मला वाटत नव्हतं.

आकडा आला एक.

फाईल आत होती, पण यादीत दिसत नव्हती. कॉपी करायला गेलं की मशीन अडून बसायचं. मी रडायला लागले. मामांनी फ्लॉपी कापडात ठेवली.

"रडू नको. नवं औषध बुधवारी येतंय. त्ये रोग नुस्ता दावत न्हाई, काडतं म्हनं."

"त्याने फाईल वाचेल का मामा?"

"ते कुनालाच ठाऊक न्हाई. दवाखान्यात नवी लस आली का मी आदी माझ्या शेळीला टोचायचो. लोकांच्या जनावरावर कशाला शिकायचं?"

बुधवारी औषध आलं. गुरुवारी सकाळी मी धावत गेले, तर मामा व्हरांड्यात शांत बसलेले. माझी फ्लॉपी त्यांनी माझ्यासमोर मशीनमध्ये घातली. मध्येच पडद्यावर एक प्रश्न आला, हो की नाही. माझा हात ‘हो’कडे गेला. मामांनी तो धरला.

"‘न्हाई’ दाब. व्हय दाबलं का सगळं पुसतंय."

मी ‘नाही’ दाबलं. बराच वेळ मशीनचा दिवा लुकलुकत राहिला. शेवटी शून्य आलं. मग यादी काढली, तर माझी फाईल होती तिथेच होती.

"पण मामा, तुम्हाला कसं कळलं, हो दाबायचं नाही म्हणून?"

"शेळी गेली," मामा म्हणाले आणि टेबलाचा खण उघडला. आत एक फ्लॉपी होती. तिच्यावर मराठीत त्यांचं नाव लिहिलेलं.

ती त्यांच्या मुलाने पाठवली होती. तो मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. वडील लॅबमध्ये आहेत म्हणून त्याने पत्र मशीनवर, मराठीत टाईप करून पाठवलेलं. मराठी अक्षरं फक्त आतल्या मशीनवर दिसायची. पण फ्लॉपीचा आकडा आला होता एक, तोच माझ्यावाला व्हायरस. म्हणून आठ महिने ती बाहेरच होती. मामांनी पत्र वाचलंच नव्हतं, आणि आदल्या दिवशी नवं औषध त्यांनी आधी तिलाच देऊन ‘हो’ दाबलं होतं.

"मग त्यांना कळवायचं ना, दुसरं पाठवा म्हणून."

"कंपनीत हाय त्यो. त्येच्या फ्लॉपीत रोग निगाला म्हनून कसं सांगू? लई लागंल त्येला." मग फ्लॉपी परत खणात ठेवत म्हणाले, "मराठीत टाईप करतोय. आपल्या खानदानात कुनी केलं हुतं का?"

शुक्रवारी प्रोजेक्ट दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "फ्लॉपी स्वच्छ आहे ना?" मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात उत्तर दिलं, "सर, याकोब मामांनी तपासली आहे." आमचे सर हसले आणि म्हणाले, "मग घाला."

दुपारी मामांनी माझ्यापुढे अंतर्देशीय पत्र ठेवलं. "तुजं अक्षर चांगलं हाय. पोराला लिव. पत्र मिळालं. वाचलं. लई आवडलं."

खोटं लिहिताना माझा हात थांबला. पण मामा खिडकीबाहेर बघत होते, म्हणून लिहिलं. चिकटवण्याआधी त्यांना न विचारता खाली एक ओळ घातली, आणि तिच्यात काही खोटं नव्हतं:

पुढचं पत्र कागदावर पाठवा. फ्लॉपी मामांना खिशात ठेवता येत नाही.