सदर इसम येथे राहत नाही

नगरपालिकेच्या निवडणूक शाखेतल्या त्या कारकुनाला सगळे यादीबुवा म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. निवडणूक तोंडावर आलेली. बुवा सकाळी सहाला घराबाहेर पडत आणि रात्री साडेदहाला परतत. मधल्या वेळात दारोदार जाऊन मतदार तपासायचे, कॉलेजात भाषणं द्यायची, मतदान केंद्रावरच्या लोकांना शिकवायचं. आठशे चाळीस घरं त्यांनी एकही न चुकवता पालथी घातली.

आठशे एक्केचाळिसावं घर त्यांचं स्वतःचं होतं, तेही चौथ्या मजल्यावर; बिल्डिंगमधली बाकीची घरं सकाळीच उरकून हे त्यांनी शेवटी ठेवलं होतं. पायाचे तुकडे पडले होते. बुवा जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकले आणि मनाशी म्हणाले, आपल्याच घरी जाऊन आपण काय डोंबल विचारायचं? तिथेच गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी घरचा तक्ता आठवणीने भरून टाकला. (स्वतःच्या आठवणीवर त्यांचा फार विश्वास. आठशे चाळीस घरांच्या बाबतीत तो खराही होता.)

कच्ची यादी नगरपालिकेच्या फळ्यावर लागली, सगळ्या गावाला वाचता येईल अशी. बुवांच्या बायकोचं वय तीत त्रेपन्न होतं. बाईंचं खरं वय चव्वेचाळीस. त्यांनी ते वाचलं तेव्हा बिल्डिंगमधल्या दोघीजणी शेजारीच उभ्या होत्या. घरी येऊन बाई चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि बुवांच्या ते लक्षातही आलं नाही. घरातली शांतता ही आपली पुण्याई, असं ते धरून चालत.

मग हरकतींची सुनावणी लागली. अधिकारीबाई खुर्चीत, बुवा शेजारी. एकेक अर्ज मोठ्याने वाचायचा आणि माणसं पुकारायची, हे बुवांचं काम. तीन अर्ज झटपट उरकले. चौथा त्यांनी त्याच खणखणीत आवाजात सुरू केला, "यादीतील सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, सबब त्याचे नाव वगळावे." पुढे इसमाचं नाव होतं. ते वाचताना बुवांची बोबडी वळली. नाव त्यांचंच होतं. खाली सही बायकोची.

बाई दारातच उभ्या होत्या, हातात फाईल घेऊन. बुवांच्या मनात आलं, हजारो नावं कापणाऱ्याचं नाव कापलं गेलं तर उद्या शिकवणीच्या वर्गात तोंड कसं दाखवायचं? आणि ते राहू दे, बायकोच म्हणतेय की हा माणूस माझ्या घरात राहत नाही. पण रीत ती रीत. अर्जदार हजर आहेत का, असं त्यांनी विचारलं. बाई हजर म्हणाल्या. समोरचा पक्ष हजर आहे का, असंही त्यांनी विचारलं, सवयीने खोलीभर नजर फिरवली आणि मग खाली मान घालून स्वतःच हजर म्हणाले.

अधिकारीबाईंनी चष्मा पुसला. राहणाऱ्याला घरातलं माहीत असतं, तेव्हा घरी पाणी कधी येतं ते सांगा, म्हणाल्या. बुवा म्हणाले, सकाळी. ते दोन वर्षांपासून संध्याकाळी येत होतं. मुलगी कितवीत? बुवांनी छातीठोकपणे दहावी सांगितली. बाईंनी फाईलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो नव्या मतदाराचा अर्ज होता. मुलीला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

"हा अर्ज तुम्हीच तिला दिलात," बाई म्हणाल्या. "कॉलेजात भाषणाला आला होतात ना? तिसऱ्या रांगेत बसली होती. तुम्ही तिला म्हणालात, ताई, घरच्यांना विचारून नीट भरा."

 बुवांना ती रांग आठवली, अर्जांचा गठ्ठा आठवला. चेहरा मात्र आठवेना, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

 शेवटी अधिकारीबाईंनी विचारलं, झोपायला तरी घरी येतात का. बाई म्हणाल्या, येतात, खोटं कशाला बोलू. कायद्याला एवढं पुरे, असं म्हणून अधिकारीबाईंनी हरकत फेटाळली आणि मुलीचा अर्ज मंजूर केला. बायकोने फाईल मिटली आणि जाता जाता हळूच म्हणाली, "नाव राहिलं तुमचं. आता तुम्हीही राहून बघा."

त्या दिवशी बुवांनी साडेपाचच्या ठोक्याला टेबल आवरलं. शिपायाला वाटलं, यांची तब्येत बिघडली. निकालाची शिक्क्यासकट नक्कल खिशात घालून ते चार जिने दमादमाने चढले. बायकोची माफी मागायची, मुलीला समोर बसवून नीट बघायचं, असं सगळं मनाशी ठरवलं होतं. दाराला कुलूप होतं. ते या वेळी घरी येतील असं कोण धरून चालणार? किल्ली त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

त्यांनी बेल वाजवली, कडी वाजवली, पुन्हा बेल वाजवली. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. दोन वर्षांपूर्वी तिथे राहायला आलेल्या आजींनी त्यांना नीट न्याहाळलं आणि ओळखीचं हसल्या.

"यादीवाले ना तुम्ही? मायलेकी बाहेर गेल्यात, आठपर्यंत येतील. तुम्ही परत कधी येणार तेवढं सांगून ठेवा, मी निरोप देते."