घर दाखवताना घरातल्या माणसांचे काय करावे

राहते घर विकायला काढले की त्यात एक मोठा दोष दिसू लागतो. त्यात कोणीतरी राहत असते. बाकीच्या दोषांवर उपाय आहेत. ओल आली तर रंग मारता येतो, फरशी फुटली तर तिच्यावर सतरंजी टाकता येते. भाडेकरूवर सतरंजी टाकण्याची सोय अजून निघालेली नाही. त्यामुळे मालकांनी घर विकायचे ठरवले तेव्हा त्यांना आधी कवळीवाल्यांशी बोलावे लागले.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे गृहस्थ. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवत आणि हे खिडकीपाशी बसून त्यावरून दात घडवत, घासत, चकाकवत. शहरातल्या अनेक प्रतिष्ठितांचे हसू याच खिडकीत तयार झालेले होते. घरात ते, त्यांची बायको आणि आई अशी तीन माणसे. आईला दिसत नव्हते म्हटले तरी चालेल. पण या घरात तिला डोळ्यांवाचून काही अडतही नव्हते. दाराची चौकट, मग कपाटाचा कोपरा, मग टेबलाची गुळगुळीत कड, तिथे वळले की ओट्याचा गार दगड. अख्खे घर तिच्या तळहाताला पाठ होते. ती चहा करायची, खिडकी लावायची, आणि एखादी वस्तू जागेवर नसली तर ती कोणी हलवली हेसुद्धा बसल्या जागी सांगायची. दुसऱ्या कुठल्याही घरात ती नुसती एक आंधळी म्हातारी झाली असती. कवळीवाल्यांना बाकी कशाची फिकीर नव्हती, एवढ्या एका गोष्टीची मात्र होती.

"तुम्ही म्हणजे आम्हाला अगदी घरच्यासारखे," मालक म्हणाले. घर विकण्यापूर्वी हे वाक्य म्हणण्याची पद्धत आहे.

"मग घरच्यांना विचारून विकताय वाटतं?" बायकोने विचारले.

"वहिनी, सांगायला तरी आलो ना? हल्ली सांगतं कोण?"

"आणि आमचं काय?" कवळीवाल्यांनी विचारले. "आईचं असं आहे..."

"ते सगळं घेणाऱ्यावर आहे हो. तुम्ही त्याला आवडलात तर ठेवेलसुद्धा. माणसं तर चांगली आहात तुम्ही."

मालक हे वाक्य जिना उतरता उतरता विसरून गेले. कवळीवाल्यांनी मात्र ते मनाशी घट्ट धरून ठेवले. घेणाऱ्याला आपण आवडायचे, की झाले. आवडण्यासारखे वागणे त्यांना काही नवे नव्हते. ते जन्मभर तेवढेच करत आले होते.

मग दलाल आले. त्यांना स्वतःला 'निवास-संक्रमण सल्लागार' म्हणवून घ्यायला आवडे, पण दलाल म्हटले तरी ते रागावत नसत, कारण रागावण्यात वेळ जातो. त्यांनी घर पाहिले, मग त्याच नजरेने घरातली माणसे पाहिली, आणि सुस्कारा सोडला.

"घर उत्तम आहे, काका. फक्त फार राहिल्यासारखं वाटतं."

"राहतोच आहोत आम्ही."

"ते खरं, पण दिसायला कशाला हवं?"

त्याप्रमाणे सुधारणा सुरू झाल्या. चपला दारातून नाहीशा झाल्या. दोरीवरचे कपडे ओलेच पेटीत गेले. भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवण्यात आला, कारण घेणाऱ्याला त्या भिंतीवर स्वतःचे वडील दिसायला हवेत. खिडकीपाशी मांडलेल्या कवळ्यांपाशी दलाल बराच वेळ थांबले.

"हे दात हलवा, काका."

"अहो, माझं काम आहे ते."

"असू द्या. पण हसतायत ते. घेणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच हसतायत."

शेवटी कपाट सरकवले. त्यामुळे खोली मोठी दिसू लागली आणि आईच्या कपाळावर टेंगूळ आले. दलालांना मनापासून वाईट वाटले. घर दाखवताना टेंगूळ पदराखाली राहील असे बघा, अशी सूचना त्यांनी हळुवार आवाजात केली.

एवढे करूनही एक अडचण शिल्लक राहिली. चपला, कपडे, फोटो आणि दात हलवल्यावर त्या घरात आता खुद्द भाडेकरूच तेवढे ठळक दिसू लागले. तेव्हा गिऱ्हाईक येईल त्या वेळी कुटुंबाने जिन्यात बसावे असे ठरले. तिघेही बसत. एकदा वर जाणारे एक जोडपे त्यांच्यापाशी थबकले.

"तुम्हीपण हेच घर बघायला आलात? आमच्या आधी नंबर आहे का?"

"बराच आधी," बायको म्हणाली.

"कसं वाटलं?"

"आम्हाला आवडलं होतं. बघा तुम्हाला कसं वाटतंय."

पण घर कोणालाच आवडेना. लोक आत जात, मान हलवत आणि बाहेर येत. काहीतरी कमी आहे म्हणत. काय कमी आहे ते त्यांना सांगता येत नव्हते, आणि जे कमी होते ते जिन्यात गुडघ्याला हनुवटी लावून बसले होते.

अशातच एके दिवशी आईने बंड केले. "मी नाही उठणार," ती म्हणाली. "माझ्याच घरात माझी अडचण? येऊ देत ज्यांना यायचंय ते."

त्या दिवशी नेमके गादीवाले आले. गाद्यांचा मोठा कारखाना असलेले, भरघोस गृहस्थ. सोबत बायको आणि म्हातारी आई. त्यांनी आत पाऊल टाकले तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पाय पुसा आधी! आणि ती खिडकी नुसती ओढू नका, कडी वर उचला, मग ओढा. शिकवलं नाही का कोणी?"

दलालांचा चेहरा पांढराफटक पडला. गादीवाले मात्र तिथल्या तिथे विरघळले. श्रीमंत झाल्यापासून त्यांच्यावर कोणी खेकसलेच नव्हते. त्यांनी मुकाट्याने पाय पुसले, कडी वर उचलून खिडकी ओढली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "घर कसं घरासारखं वाटतंय!"

दलाल हुशार होते. त्याच दिवशी त्यांनी आपले सारे धोरण उलटे फिरवले. फोटो भिंतीवर गेला, चपला दारात आल्या, दात खिडकीत हसू लागले, कपाट जागेवर सरकले आणि आईचा हात पुन्हा त्याच्या कोपऱ्यावर अचूक पडू लागला. यापुढे गिऱ्हाईक येईल तेव्हा भाडेकरूंनी घरात उपस्थित राहावे आणि पूर्णपणे नैसर्गिक वागावे, असा आदेश निघाला. नैसर्गिक वागणे एकदम जमत नाही, म्हणून त्याच्या तालमी सुरू झाल्या.

"वहिनी, कांदा केव्हा परतायचा?"

"गाडी कोपऱ्यावर आली की."

"शाब्बास. आणि काका, काल मी आलो तेव्हा तुम्हा दोघांचं मिठाच्या बरणीवरून भांडण चाललं होतं. गोड होतं. ते उद्या परत होईल का?"

"ते खरं होतं," बायको म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय."

दलाल गेल्यावर बायको नवऱ्याकडे वळली. "अहो, आपण आपल्याच हकालपट्टीला तोरण बांधतोय, कळतंय का तुम्हाला?"

"अगं, आवडलो तर ठेवतील."

"घर आवडेल त्यांना. आपण नाही."

"पण आपल्यामुळेच आवडतंय ना?"

"तेच सांगतेय मी मघापासून!"

हे भांडण मिठाच्या बरणीपेक्षा सरस झाले. दलाल चुकून छत्री विसरल्याने परत आले होते. त्यांनी दारातच टाळ्या वाजवल्या आणि उद्या हेच ठेवा म्हणाले.

गादीवाले पुन्हा आले, कांद्याचा वास घेतला, भांडण ऐकले, आईकडून दोनदा बोलणी खाल्ली, आणि घर पक्के केले. अट एकच घातली. "जसं आहे अगदी तसंच हवं. एक काडी इकडची तिकडे करायची नाही."

कवळीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात जोडले. "फार उपकार झाले हो. आईला दुसरीकडे जमलंच नसतं."

गादीवाले गोंधळून दलालांकडे बघू लागले. "हे पण राहणार आहेत? मग आम्ही कुठे राहायचं?"

दलालांनी कवळीवाल्यांना बाजूला घेतले. "काका, गैरसमज नको. व्यवहारात भाडेकरू येत नाही. भाडेकरूचा परिणाम येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जायचं. परिणाम इथंच ठेवायचा."

परिणाम मागे ठेवून जाणे म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण ठरल्याप्रमाणे तो रीतसर हस्तांतरित करणे भाग होते. गादीवाल्यांची बायको येऊन स्वयंपाकघरातून "आलात का?" म्हणायला शिकू लागली. तिचे "आलात का?" ऐकून माणूस आल्यापावली परत जावा अशी सुरुवात होती. खुद्द गादीवाले खिडकीपाशी बसून एक कवळी घासायचा सराव करत. त्यांच्या आईची नजर घारीसारखी होती. तिला डोळे मिटून भिंती चाचपायला लावण्यात आले. ती दर दोन पावलांनी एक डोळा उघडे आणि कवळीवाल्यांची आई ओरडे, "बघितलंस! आवाजावरून कळतं मला. मिट तो डोळा!"

कवळीवाल्यांनी सगळे मन लावून शिकवले. इतके मन लावून त्यांनी स्वतःच्या पोरालाही शिकवले असते की नाही कोण जाणे. चांगले वागल्यावर शेवटच्या घटकेला तरी कोणाला तरी काहीतरी वाटेल, अशी त्यांची समजूत होती. मालकांना वाटलेही. घर सोडायच्या दिवशी ते मुद्दाम आले आणि रुमालाने डोळे टिपून म्हणाले, "असा भाडेकरू पुन्हा मिळणार नाही. बरं झालं, आता घरच नाही ते."

आई दाराबाहेर आली आणि नेहमीप्रमाणे पुढच्या वस्तूसाठी तिने हात पुढे केला. पुढे काहीच नव्हते.

नात्यातल्या एका माणसाने त्यांना आपल्या व्हरांड्यात जागा दिली. तिथे आई खाटेवर बसून राही. हात मांडीवर ठेवी, मग शेजारी ठेवी, मग पुन्हा मांडीवर. कवळीवाल्यांना ते बघवत नसे.

इकडे गादीवाल्यांची तक्रार आली. परिणाम उडाला होता. कांदा तोच, कपाट तेच, पण घर हॉटेलच्या खोलीसारखे वाटत होते. दलालांनी जातीने पाहणी केली आणि परिणाम माणसांबरोबर निघून जातो, या निष्कर्षाला ते आले. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. दलालांनी नवी शाखा उघडली.

"काका, तुम्हाला राहायला घर देतो," ते व्हरांड्यात येऊन म्हणाले. "प्रशस्त. उजेडाचं. एक दमडी भाडं नको."

"कायमचं?"

"विकलं जाईपर्यंत."

कवळीवाल्यांनी खाटेवरचे ते हात पाहिले आणि होकार दिला.

तेव्हापासून कुटुंबाला घरांची ददात राहिली नाही. एक विकले की दुसरे तयार. नव्या घरात शिरले की आई पहिल्यापासून सुरुवात करी. आधी दाराला कपाळ, मग टेबलाला कोपर, मग ओट्याला गुडघा. हळूहळू तळहात शिके. आणि एके दिवशी ती खाटेवरून उठून कुठेही न धडकता चहा करून आणी, कपबशी मुलाच्या हातात देई आणि म्हणे, "बरं आहे हो हे घर."

नेमकी हीच गोष्ट दलालांच्या ध्यानात आली. म्हातारी धडकायची थांबली की घर विक्रीला पिकले, असा त्यांचा शास्त्रशुद्ध अनुभव झाला. ते सकाळी डोकावून विचारू लागले, "आजींना आज कुठे लागलं का?"

"नाही," कवळीवाले खरे ते सांगत.

"वा! मग उद्यापासून माणसं आणतो."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला एक खोटं बोलता येऊ नये? लागलं म्हणा की! खोटे दात करता ना?"

"दात खोटे असतात गं. काम खरं असतं."

आईने हे ऐकले. आणि दुसऱ्या दिवशी दलाल आले तेव्हा ती खाटेवरून उठली, तीन पावले अचूक टाकली, कपाट कुठे आहे याचा हाताने अंदाज घेतला आणि त्याच्यावर धाडदिशी आदळली. "अगं आई गं!" ती इतकी सुरेख ओरडली की वर राहणारे लोक धावत आले. "अजून कच्चं आहे घर," दलाल पुटपुटत परत गेले. आईने पदर सावरला आणि कुठेही न अडखळता चहा टाकायला गेली. हे घर तिला आवडले होते. तिथे आणखी थोडे राहायचे, एवढेच तिचे म्हणणे होते.

पण दलालांना तरी किती दिवस थांबता येणार? शेवटी त्यांनी कच्चेच घर दाखवायला काढले, आणि परवा तुम्ही जे बघायला गेला होतात ते हेच. तुम्ही शिरलात तेव्हा कांद्याचा वास सुटला होता. आत कोणीतरी बरणीवरून भांडत होते, एक गृहस्थ खिडकीत कवळी घासत बसले होते, आणि एक म्हातारी सरळ चालत येऊन तुमच्यावर आदळली. तुमच्या छातीवर दोन्ही हात फिरवून ती म्हणाली, "ही भिंत काल इथं नव्हती." तुम्ही सगळेच खळखळून हसलात. तुम्ही आपल्या माणसांना म्हणालात, "याला म्हणतात घर!"

मग आवाज खाली आणून तुम्ही दलालांना विचारलेत की हे लोक कधी निघतील. त्यात वावगे काही नाही, सगळेच विचारतात. म्हातारीने तुमची बाही अजून धरून ठेवली होती. तुम्ही तिचा हात अगदी जपून सोडवलात आणि शेजारच्या भिंतीवर ठेवलात. तुमच्या होणाऱ्या भिंतीवर.