कैलासवासी विनाहेल्मेट

अजिनाथ शिरसाटनं उभ्या आयुष्यात विचार न करता एकच वचन दिलं, आणि तेही कावळ्याला.

वडील भिमाजी वारले, त्यांच्या दहाव्याची गोष्ट. ओढ्याकाठी पिंड मांडलेला, पाथर्डीकडचं ऊन टाळूवर आलेलं, मंडळी भुकेली, गुरुजींना पुढचा दहावा गाठायचा, आणि कावळा बाभळीवर बसून भलतीकडंच बघतोय. "आईला सांभाळीन," अजिनाथ म्हणाला. कावळा ढिम्म. "बहिणीला अंतर देनार न्हाई." ढिम्म. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जीव अडकलाय मानसाचा." कशात अडकला असणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. भिमाजींनी म्हातारपणी हौसेनं मोटारसायकल घेतली होती आणि तिला ते पोळ्याच्या बैलासारखं रोज धुवायचे-पुसायचे. अजिनाथनं हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "दादा, गाडी तुमच्याच नावावर ठिवीन!" कावळा उतरला, शिवला आणि मंडळी जेवायला पळाली.

अजिनाथ गावच्या हायस्कुलात क्लार्क होता. (कागदाचं आपल्याला कळतं, असं तो स्वतःच सांगत फिरे. दुसरं कुणी सांगत नसे.) त्यानं हिशेब मांडला: गाडी मयताच्या नावावर, म्हणजे दंडही मयतालाच. आता मयताला धरायला कोण पोलीस जाणार? झालं. डोकं उघडं टाकून, दादांचा नवाकोरा सदरा घालून (वाया कशाला घालवायचा?) पठ्ठ्या दर आठवड्याला नगरला जायला लागला. घरात हेल्मेट नव्हतं असं नाही. त्यात त्याच्या बायकोनं, ज्योतीनं, लसूण साठवला होता.

चौकातल्या कॅमेऱ्याला कावळ्याचं वचन माहीत नव्हतं. त्यानं फोटो काढला आणि मेसेज धाडला. कुणाच्या फोनवर? भिमाजींच्या. तो फोन रंगूबाई, म्हणजे अजिनाथची आई, देव्हाऱ्याजवळ रोज चार्जिंगला लावायची. तिला वाचता येत नव्हतं आणि त्यावर आता फोनही कुणाचा येत नव्हता. ज्योतीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "बंद पडला तर ते खरंच गेल्यासारखं वाटंल गं." पुन्हा ज्योतीनं तो विषय काढला नाही.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि एका सकाळी तो फोन मेसेजनं वाजला. ज्योतीनं मोठ्यानं वाचलं, भिमाजी गंगाराम शिरसाट यांनी विनाहेल्मेट वाहन चालवल्याबद्दल लोकअदालतीत हजर राहावं, न राहिल्यास पुढील कारवाई.

रंगूबाई मटकन खाली बसली.

"उभ्या जन्मात पोलिसाचं तोंड बगितलं न्हाई त्या मानसानं," ती म्हणाली. "आन् आता मेल्यावर कोर्टात?"

"आई, कॉम्प्युटरची चूक हाय ती. कागदाचं मला..."

"केस अंगावर घिऊन मी त्यांचं वरीसश्राद्ध हू देनार न्हाई! आधी त्यांचं नाव मोकळं कर. आन् मीबी येनार."

ज्योती नवऱ्याकडं बघून गोड हसली. "जावा की. कागदाचं कळतं न्हवं तुमाला?"

नगरच्या कोर्टात त्या दिवशी जत्रा होती. कोण सिग्नल तोडलेला, कोण तिब्बल सीट बसलेला, सगळे गुन्हेगार शेंगदाणे खात उभे. अजिनाथनं आपली केस हुडकायला सुरुवात केली. पहिल्या खिडकीनं दुसरीकडं धाडलं, दुसरीनं जिन्यावर, जिन्यावरच्या शिपायानं पुन्हा पहिलीकडं. मागून रंगूबाई, गुडघे धरत. प्रत्येक खिडकीपाशी ती सांगायची, "माझे मालक निर्दोष हायेत बाबा," आणि प्रत्येक खिडकी म्हणायची, "मालकांना पाठवा."

शेवटी रांगेतल्या छगन नावाच्या टेम्पोवाल्याला दया आली. त्यानं अजिनाथला बाजूला घेतलं.

"मयत म्हनू नका साहेब. मयत म्हनलं की पुढची तारीख. दाखला आना, वारस आना. नाव पुकारलं की हात वर करायचा. हजर! दंड भरा, मोकळे व्हा. तुमाला कोन वळखतंय हितं?"

पुढची तारीख म्हणजे वर्षश्राद्ध हुकलं. अजिनाथला सल्ला पटला. (आयुष्यात त्याला पटलेले सगळे सल्ले याच जातीचे होते.)

शिपायानं पुकारा केला, "भिमाजी गंगाराम शिरसाट!"

वर्षभरानं ते पुरं नाव असं मोठ्यानं कानावर पडलं आणि रंगूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"हजर!" अजिनाथनं हात वर केला.

टेबलामागं पॅनेलवरच्या मॅडम बसल्या होत्या. "भिमाजी तुम्हीच?"

"व्हय मॅडम."

"आणि या आजी?"

"आई माझी."

"भिमाजी माझे मालक!" रंगूबाई कडाडली.

मॅडमनी चष्मा काढला. "हे म्हणतात आई, तुम्ही म्हणता मालक. नक्की कोण कोणाचं आहे?"

सगळा हॉल हसला. छगन तर शेंगदाणा घशात अडकून ठसकायला लागला. अजिनाथ सावरायला गेला. "तसं न्हाई मॅडम, भिमाजी मयत हायेत."

"मयत? आत्ता तर हजर म्हणालात."

"हजर मी हाय. मयत ते हायेत."

"न्यायालयापुढं खोटं नाव सांगितलं की काय होतं, ठाऊक आहे?" आता मॅडम हसत नव्हत्या, त्यामुळं हॉलही हसायचा थांबला. शाळेची नोकरी, गावातली अब्रू, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यानं कावळ्यापासून लसणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी मान हलवली. "सोपं आहे. फोटोतला माणूस तुम्ही असाल तर दंड तुमच्या नावावर घेऊ आणि वडिलांचं नाव काढून टाकू. आजी, मुलाला ओळखा म्हणजे झालं." त्यांनी स्क्रीन वळवला.

फोटो स्वच्छ होता. उन्हानं आक्रसलेला चेहरा, पुढचं टक्कल, दादांचा तो सदरा.

"ह्यो मीच," अजिनाथ म्हणाला.

रंगूबाईनं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "न्हाई," ती म्हणाली. "हे मालक हायेत."

"आई, आगं मी हाय त्यो!"

"गप! चाळीस-पन्नास वर्सं भाकरी वाढली त्यांना. मी वळखनार न्हाई व्हय?"

"आई, तू न्हाई म्हनलीस तर दादा अडकत्यात!"

"आजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "हा फोटो ते गेल्यानंतरचा आहे."

रंगूबाई टेबलाजवळ गेली. "जरा मोठा करा ना, ताई." मॅडमच्या शेजारच्या कारकुनानं मोठा केला. तिनं बोटानं स्क्रीनवरचं कपाळ पुसल्यासारखं केलं. तिला तो माणूस सोडायचा नव्हता, हे तिथल्या शेंगदाणे खाणाऱ्यांनाही कळलं. अजिनाथला तर त्या घडीला वाटलं, होऊन जाऊ दे, अडकू दे सगळ्यांना, तिला बघू दे पोटभर.

बऱ्याच वेळानं तिनं हात मागं घेतला.

"अजिनाथच हाय ह्यो," ती म्हणाली. "बगा की, एका हातानं कान खाजवतोय. त्यांनी गाडीवर हँडल कवा सोडलं न्हाई. लिवा मॅडम. माझे मालक निर्दोष हायेत."

मॅडमनी लिहिलं. अजिनाथला खोटेपणाबद्दल जन्मात विसरणार नाही असं झापलं, दंड त्याच्या नावावर घेतला आणि गाडी ताबडतोब नावावर करून घ्यायला बजावलं. "पन मॅडम, कावळ्याला..." तो म्हणायला लागला, तेवढ्यात रंगूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "त्यांचं नाव मोकळं झालं, त्यांना दुसरं काय पायजे? मी सांगते त्यांना."

जाता जाता ती थांबली. "ताई, ह्यो फोटू मिळंल का कागदावर? घरात त्यांचा एक धड फोटू न्हाई. लग्नाकार्यात फोटूवाला आला की तोंड फिरवायचे."

"पण आजी, हा तर तुमच्या मुलाचा आहे."

"असू द्या. जेवढं त्यांचं हाय तेवढंच बगीन."

मॅडमनी प्रिंट दिली.

पुढचं काम फ्लेक्सवाल्या हनुमंतानं केलं. त्याच्या हाताला विचार करायची सवय नव्हती. त्यानं गाडी पुसली, कान खाजवणारा हात कापला, डोक्याला फेटा बांधला, कपाळाला गंध लावलं, मिशा पांढऱ्या केल्या आणि खाली ठळक लिहिलं, 'कै. भिमाजी गंगाराम शिरसाट यांना भावपूर्ण आदरांजली'. अजिनाथ अडवणार होता. पण वर्षश्राद्धादिवशी आई त्या फ्लेक्सपुढं पाटावर बसली होती आणि वर्षभरानं पहिल्यांदाच पोटभर जेवली होती. सगळ्यांबरोबर त्यानं स्वतःच्या फोटोला हार घातला, स्वतःपुढं उदबत्ती लावली, आणि ज्योतीनं डोळे वटारले तेव्हा स्वतःच्याच पाया पडला.

गावकरी फोटोवर खूश होते. "हुबेहूब!" "आत्ता बोलतील असं वाटतंय!"

पंगत उठल्यावर भिमाजींचे जुने सोबती श्रीमंतनाना काठी टेकत आले. ते फोटोकडं बघत राहिले, मग शेजारी हात बांधून उभ्या असलेल्या अजिनाथकडं, मग पुन्हा फोटोकडं. अजिनाथला वाटलं, संपलं. म्हाताऱ्यानं ओळखलं!

नानांनी डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय त्येज हुतं बग चेहऱ्यावर," ते म्हणाले. "राग मानू नगं अजिनाथ, पन तुला त्येंच्या नखाची सर न्हाई."