सावेडीतील स्वसंरक्षण

ज्या गावाला महानगरपालिका मिळते, तिथल्या लेकरांना स्वसंरक्षणाची गरज आपोआप लागू होते. पुणतांब्यात आमचं बालपण आईबापांच्या धाकावर निभावलं. अहिल्यानगरला (पत्रावर नुसतं नगर लिहिलं तरी पोहोचतं) कराटे क्लास लागतो.

आमची धनश्री सातवीत आहे. ट्यूशनच्या गल्लीत एक मुलगा रोज तिची सायकल मागून धरून ठेवायचा. पोर रडकुंडीला येऊन लांबच्या रस्त्याने जाऊ लागली, म्हणून आम्ही उभयतांनी आमच्या सावेडी भागातले सर्व क्लास पाहिले. एका ठिकाणी मुलं खरोखर एकमेकांना मारत होती. एकाचं तर कोपर सुजलं होतं. मार घरी फुकट मिळत असताना त्याची फी भरणं पटेना, तो क्लास तत्काळ बाद केला.

अखेर बिभीषण सरांचा क्लास पसंत पडला. पार्किंग ऐसपैस, गाद्या निळ्या (हिरव्या फोटोत उठून दिसत नाहीत) आणि शंभर विद्यार्थ्यांमागे एकशे चार सुवर्णपदकं. चौघे प्रवेश घेण्याआधीच जिंकले होते. तासाची आखणीही शास्त्रशुद्ध: निम्मा वेळ वाकून नमस्कार, निम्मा वेळ सत्कार. उरलेल्या वेळात कराटे.

"सर, मागून कोणी सायकल धरली तर काय करायचं?" धनश्रीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ते ब्लॅक बेल्टला येतं," सर म्हणाले. "समदं आत्ताच इचारलं तर पुढं काय शिकशील?"

पिवळा पट्टा मिळाला, नारिंगी मिळाला. लांबचा रस्ता काही सुटेना.

गेल्या आठवड्यात मात्र पोर जवळच्या रस्त्याने गेली, सायकल धरली गेल्यावर खाली उतरली आणि त्या मुलाच्या नडगीवर सणसणीत लाथ हाणली. ही लाथ कोणत्याच पट्ट्याच्या अभ्यासक्रमात नाही. तिने ती क्लासमध्ये हौसेने सांगितली.

"आधी नमस्कार केल्ता का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. तवर पळून गेला असता त्यो."

शिस्तभंगाबद्दल नारिंगी पट्टा जमा करून घेण्यात आला. पालकसभेत त्या लाथेच्या निषेधाचा ठराव मीच मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. मग घरी येऊन, दार लावून, आम्ही तिघं धपाधप नाचलो. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले, त्यांना सराव चालू आहे असं कळवलं. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता (हे वाक्य सौभाग्यवतींनी वाचून मंजूर केलं आहे).

तो मुलगा कोणाचा, याची चौकशी आम्ही केली नाही. लाथ बसली त्याच संध्याकाळी, वाचक महाशय, तुमचे चिरंजीव लंगडत घरी आले, सायकलवरून पडलो म्हणाले, आणि तुम्ही लगोलग सायकल दुरुस्तीला टाकलीत, एवढंच कानावर आलं आहे.